शंका-समाधान : काढलेले मॅक्रो परत आले, मग फाइल का चालेना?

या वेळच्या पत्रांत मॅक्रोचा विषय इतक्या जणांनी काढला आहे की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. मॅक्रो म्हणजे एक्सेल-वर्डमध्ये एकच काम पुन्हापुन्हा करण्यासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा. त्या ज्या भाषेत लिहितात ती व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स, म्हणजेच व्हीबीए. खाली सगळीकडे हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत आमचा लहान छापखाना आहे. डिझाइनसाठी जुना इंटेल आयमॅक आहे, त्यावर ऑफिस २००८. अंदाजपत्रकाची फाइल ऑफिस २००४ च्या काळातली. ती उघडली की कागदाच्या वजनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘#नेम?’ येते. विंडोजच्या लॅपटॉपवर तीच फाइल बिनतक्रार चालते. मायक्रोसॉफ्टने मॅकवरचे मॅक्रो काढले होते आणि मग परत आणले असे ऐकले. परत आणले, तर आमच्याकडे का नाहीत?

परत आणले, पण ऑफिस २००८ मध्ये नाही. तारखा ओळीने मांडल्या की उलगडा होतो. ॲपलने जून २००५ मध्ये पॉवरपीसी चिप सोडून इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले. ऑगस्ट २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मॅक विभागाने सांगितले की पुढच्या ऑफिसमध्ये व्हीबीए नसेल. जानेवारी २००८ मध्ये ते ऑफिस आले आणि खरोखरच त्यात मॅक्रो नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात, पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर, कंपनीने माघार घेतली आणि पुढच्या आवृत्तीत व्हीबीए असेल असे जाहीर केले. ती पुढची आवृत्ती म्हणजे ऑफिस २०११, आणि ती बाजारात आली ऑक्टोबर २०१० मध्ये. ऑफिस २००८ आल्यापासून चार महिन्यांत निर्णय फिरला. हातात वस्तू यायला २००८ च्या जानेवारीपासून पावणेतीन वर्षे गेली, आणि तीही नवे ऑफिस विकत घेणाऱ्यालाच मिळाली. २००८ वर सगळे अपडेट चढवले तरी त्यात मॅक्रो चालवणारे इंजिनच नाही.

काढण्याचे कारण तांत्रिक होते. मॅकवरच्या व्हीबीएचा गाभा पॉवरपीसीच्या असेंब्ली भाषेत लिहिलेला होता. सी भाषेतला प्रोग्राम नव्या चिपसाठी पुन्हा कंपाइल करता येतो, म्हणजे तिच्या आज्ञांत आपोआप उतरवता येतो. असेंब्ली थेट त्या चिपच्याच आज्ञांत असते, त्यामुळे तो भाग नव्याने लिहिण्याशिवाय गत्यंतर नसते. शिवाय त्याच वेळी ऑफिसचा सगळा पसारा कोडवॉरियर या प्रोग्राम बनवण्याच्या साधनातून ॲपलच्या एक्सकोड या साधनात हलवायचा होता. कारण पटण्यासारखे आहे, पण ज्याचे अंदाजपत्रक अडकले त्याला ते सांगून काय उपयोग?

आता तुमची ‘#नेम?’. ही चूक सूत्रात अनोळखी नाव आले की येते. तुमच्या फाइलमध्ये कोणीतरी वजनाचे स्वतःचे फंक्शन व्हीबीएमध्ये लिहिले आहे. इंजिन नाही, म्हणून एक्सेलला ते नाव ठाऊक नाही. फाइलमध्ये बटणे असतील तर तीही २००८ मध्ये मुकी होतात. गंमत म्हणजे १९९२ च्या एक्सेल ४ मधले, वेगळ्या मॅक्रो-शीटवर लिहिलेले जुनाट मॅक्रो २००८ मध्ये चालत राहिले. गेले ते फक्त व्हीबीए.

सर्वांत आधी कोड शाबूत आहे का ते पाहा, कारण कंपनीने इंजिन परत दिले तरी फाइलमधून पुसलेला कोड कोणी परत देत नाही. मॅक्रो असलेली फाइल उघडताना २००८ विचारते की मॅक्रो काढून उघडायची का. कोणी ‘हो’ म्हणून नंतर सेव्ह केली असेल, किंवा ‘एक्सएलएसएक्स’ या प्रकारात सेव्ह केली असेल, तर त्या प्रतीतला कोड गेला. ‘एक्सएलएस’ किंवा ‘एक्सएलएसएम’ प्रकारात तो तसाच पडून राहतो. ‘एक्सएलएसएम’ची खात्री करणे सोपे आहे. फाइलची प्रत काढा, प्रतीच्या नावाच्या शेवटचे ‘एक्सएलएसएम’ बदलून ‘झिप’ करा आणि ती उलगडा. आतल्या ‘एक्सएल’ फोल्डरमध्ये ‘व्हीबीए-प्रोजेक्ट’ नावाची ‘बिन’ फाइल दिसली तर कोड आहे. जुन्या ‘एक्सएलएस’ला ही युक्ती लागू नाही. ती लॅपटॉपवर उघडून ऑल्ट आणि एफ११ दाबा. डाव्या यादीत ‘मॉड्यूल्स’ दिसले की आत कोड आहे. तुमच्या लॅपटॉपवरची प्रत चालते आहे, तेव्हा तीच मूळ समजा. तिच्या दोन प्रती दोन जागी ठेवा आणि आयमॅकवर तिला पुन्हा सेव्ह करू नका.

त्यानंतर पाहा, की वजनासाठी मॅक्रो लागतो तरी का? कागदाच्या धंद्यातला हिशेब एका ओळीचा आहे. ५०० तावांच्या रिमाचे वजन किलोत = लांबी इंच × रुंदी इंच × जीएसएम ÷ ३१००. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. हा ३१०० कुठून आला? एक चौरस इंच म्हणजे ६.४५१६ चौरस सेंटिमीटर. त्यातून चौरस मीटर, मग ग्रॅमचे किलो आणि ५०० ताव असा भागाकार केला की ३१०० उरतात. २३ × ३६ चा ७० जीएसएमचा कागद घ्या. ५७,९६० भागिले ३१००, म्हणजे १८.७० किलो. १,२५० ताव लागणार असतील तर अडीच रीम, ४६.७४ किलो. लांबी, रुंदी, जीएसएम आणि तावांची संख्या चार खान्यांत ठेवा, पाचव्यात हे साधे सूत्र लिहा. वाया जाणाऱ्या कागदाचे टक्के सूत्रात कोंबू नका, त्यांना वेगळा खाना द्या. दर कामाला ते बदलतात. ही फाइल २००८ मध्ये, लॅपटॉपवर, मोबाइलवर, कुठेही चालेल.

बदल करताना एका ठिकाणी ठेच लागते. जुन्या फंक्शनमध्ये ‘राउंड’ वापरले असेल तर उत्तरे थोडी वेगळी येतील. व्हीबीएचे ‘राउंड’ बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४. एक्सेलच्या शीटवरचे ‘राउंड’ २.५ चे ३ करते. जुन्या अंदाजपत्रकांशी ताळा घालताना कुठे कुठे एखादा आकडा वरखाली दिसेल, तो यामुळे. सूत्र चुकलेले नाही.

प्रश्न : (वरच्याच वाचकांचा) मग ऑफिस २०११ मिळवून बसवावे का?

नको. त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०१७ ला संपला. ते ३२-बिट आहे, त्यामुळे २०१९ च्या कॅटालिनापासून पुढच्या मॅकओएसवर ते उघडतही नाही. नवा मॅक घ्याल तेव्हा आजचे एक्सेल घ्या. त्यात व्हीबीए आहे. पण विंडोजवर लिहिलेला कोड तिथे जसाच्या तसा चालेल असे समजू नका. अडते ते साधारण इथे :

फाइलचा पत्ता. विंडोजमध्ये उलटी तिरपी रेघ, आजच्या मॅकमध्ये सरळ तिरपी रेघ, आणि २०११ मध्ये तर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब होते. कोडमध्ये रेघ हाताने टाइप न करता ‘ॲप्लिकेशन’चे ‘पाथ-सेपरेटर’ वापरा म्हणजे तिन्हीकडे निभावते.

परवानगी. ऑफिस २०१६ या आवृत्तीपासून मॅकचे ऑफिस कुंपणात चालते. कोडने दुसरी फाइल उघडायला घेतली की परवानगीची खिडकी येते, आणि २० फाइली असतील तर २० वेळा येऊ शकते. ‘ग्रँट-ॲक्सेस-टू-मल्टिपल-फाइल्स’ला सगळ्या पत्त्यांची यादी एकदम दिली की एकदाच विचारते.

‘क्रिएट-ऑब्जेक्ट’ने मागवलेल्या विंडोजच्या वस्तू, म्हणजे ‘स्क्रिप्टिंग डिक्शनरी’ किंवा ‘फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्ट’, मॅकवर नाहीत. डिक्शनरीच्या जागी व्हीबीएचेच ‘कलेक्शन’ आणि फोल्डर चाळायला ‘डिर’ वापरा. ॲक्टिव्हएक्सची बटणे चालत नाहीत. ‘फॉर्म कंट्रोल’ गटातली बटणे चालतात. यूजरफॉर्म, म्हणजे माहिती भरायची खिडकी, विंडोजवर तयार करून आणा, मॅकवर तो चालवता येतो पण मांडता येत नाही. आणि ॲपलस्क्रिप्टला, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या स्क्रिप्ट-भाषेला, हाक मारणारे जुने ‘मॅकस्क्रिप्ट’ आता भरवशाचे नाही. त्याऐवजी ‘ॲपलस्क्रिप्ट-टास्क’ आहे. त्यासाठी ती स्क्रिप्ट ‘लायब्ररी’ या फोल्डरातल्या ‘ॲप्लिकेशन स्क्रिप्ट्स’मधल्या एक्सेलच्या फोल्डरात हाताने ठेवावी लागते. तो फोल्डर नसेल तर आधी तयार करा. लायब्ररी दिसत नसेल तर फाइंडरमध्ये ऑप्शन दाबून धरून ‘गो’ मेनू उघडा.

प्रश्न : छावणीच्या धान्य मंडीत आमची आडत आहे. आमचे करसल्लागार दर महिन्याला मॅक्रोवाली एक्सेल फाइल ईमेलने पाठवतात. पूर्वी वर पिवळी पट्टी यायची, ‘एनेबल कंटेंट’ दाबले की काम सुरू. आता लाल पट्टी येते आणि दाबायला बटणच नाही. मध्यंतरी हे बंद झाले होते ना?

बंद झाले होते, पण जेमतेम काही आठवड्यांसाठी. ही दुसरी माघार पहिल्याच्या उलट दिशेची आहे, आणि दोन्हींची सरमिसळ बरेच जण करतात. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो विंडोजवरच्या ऑफिसमध्ये आपोआप अडवले जातील. एप्रिलपासून तसे होऊ लागले. जुलैच्या सुरुवातीला तक्रारी ऐकून ते मागे घेतले, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि जुलै संपायच्या आत सूचना जास्त स्पष्ट करून ते पुन्हा चालू केले. तेव्हापासून लाल पट्टी आहेच. ती आता जाईल अशी आशा धरून बसू नका. ईमेलमधल्या मॅक्रोंतून विषाणू पसरण्याचा इतिहास १९९९ च्या मेलिसापासूनचा आहे आणि पिवळ्या पट्टीवरचे बटण लोक न वाचताच दाबत.

अडवाअडवी फाइलच्या आतल्या मजकुरावरून होत नाही. ब्राउझर किंवा ईमेलचा प्रोग्राम फाइल उतरवताना तिला एक अदृश्य खूण चिकटवतो, ‘ही बाहेरून आली आहे’. एक्सेल ती खूण पाहून थांबते. खूण काढायची पद्धत अशी. फाइल बंद करा. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘जनरल’ टॅबच्या अगदी तळाशी ‘सिक्युरिटी’ समोर ‘अनब्लॉक’ची चौकट असते. तिच्यात टिक करा, ‘ॲप्लाय’ आणि ‘ओके’. मग फाइल उघडा. पिवळी पट्टी येईल आणि बटण मिळेल. चौकट दिसतच नसेल तर फाइलवर खूण नाही आणि अडचण दुसरी आहे. बहुधा ‘मॅक्रो सेटिंग्ज’मध्ये सगळे मॅक्रो न विचारता बंद करण्याचा पर्याय निवडलेला असतो.

झिप आली असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी झिपलाच अनब्लॉक करा, मग उलगडा. आधी उलगडली तर विंडोज ती खूण आतल्या प्रत्येक फाइलला लावते आणि एकेक करून काढत बसावे लागते. आयकर विवरणाच्या ज्या एक्सेल युटिलिटी झिपमधून मिळतात, त्यांच्याबाबतीतही हाच क्रम.

दर महिन्याचेच काम असेल तर एक फोल्डर विश्वासाचा ठरवून ठेवा. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’, ‘ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज’, ‘ट्रस्टेड लोकेशन्स’, ‘ॲड न्यू लोकेशन’. फोल्डर रिकामा आणि फक्त याच कामासाठी हवा. ‘डाउनलोड्स’ला हा मान कधीही देऊ नका, तसे करणे म्हणजे मंडीचे फाटक उघडे टाकून गल्ल्यावर झोपणे. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेटवर्कमध्ये असेल तर त्याच पानावर खाली नेटवर्कसाठी वेगळी टिक लागते. करसल्लागारांना एकदा विचारून पाहा, ते मॅक्रोवर डिजिटल सही करू शकतात का. तशी सही असली आणि तुम्ही त्यांना विश्वासू प्रकाशक म्हणून एकदा नोंदवले, की दर वेळी खूण काढायला नको.

पेनड्राइव्हवर फाइल घातली की लाल पट्टी जाते, असे कोणी सांगेल. खरे आहे. पेनड्राइव्हच्या एफएटी३२ किंवा एक्सफॅट मांडणीत ती खूण राहूच शकत नाही. पण मग ओळखीची आणि अनोळखी फाइल यांत फरक उरत नाही.

प्रश्न : संस्थेच्या पावत्यांवर रक्कम अक्षरी मराठीत छापायची आहे. इंग्रजीत अक्षरी रक्कम करणारा मॅक्रो मिळाला, त्यात इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द टाकले, तर कोड लिहायच्या खिडकीत सगळी प्रश्नचिन्हे उमटतात. संगणकाची भाषा मराठी केली तरी तेच.

तेच होणार. व्हीबीएची कोड लिहायची खिडकी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींना एकाच यादीत बसवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातली आहे. ती विंडोजच्या जुन्या ‘कोडपेज’मधलीच, म्हणजे एकेका लिपीच्या छोट्या यादीतलीच, अक्षरे जाणते. रशियन, ग्रीक, अरबी यांना अशी कोडपेज आहेत. देवनागरीला विंडोजने ते कधी दिलेच नाही, थेट युनिकोडच दिले. म्हणून प्रदेश-भाषा बदलून काही साधत नाही. विंडोजमध्ये यूटीएफ-८ सगळीकडे लागू करण्याची ‘बीटा’ टिक आहे. तिच्या वाटेला हिशेबाच्या संगणकावर जाऊ नका, जुने प्रोग्राम बिघडतात.

इंदूरच्या कचेऱ्यांतल्या जुन्या फाइलींत देवनागरी मॅक्रो चालताना दिसतात, ते बहुतेक कृतिदेवसारख्या फाँटचे असतात. त्यात अक्षरे खरी इंग्रजी, फक्त दिसतात देवनागरी. कोडमध्ये ती अगम्य इंग्रजी अक्षरे म्हणून शांतपणे बसतात. फाँट नसलेल्या संगणकावर मात्र पावतीवरही तीच अगम्य अक्षरे उमटतात.

कोडमध्ये एखादाच मराठी शब्द हवा असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शनला अक्षराचा क्रमांक द्या. ‘जमा’ या शब्दासाठी २३३२, २३५० आणि २३६६ असे तीन तुकडे जोडायचे : ज, म आणि काना. शीटवर तो बरोबर उमटेल. संदेशाच्या चौकटीत, म्हणजे ‘मेसेज-बॉक्स’मध्ये, मात्र पुन्हा प्रश्नचिन्हेच येतील, तिला युनिकोड येत नाही. संदेश एखाद्या खान्यात लिहा.

अक्षरी रकमेसाठी यातले काहीच लागत नाही. इंग्रजी मॅक्रो वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे शब्द जोडून काम भागवतो. मराठीत १ ते ९९ पर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द निराळा, एकोणपन्नास काय किंवा पंच्याहत्तर काय, जोडून होत नाहीत. म्हणून मॅक्रोचे भाषांतर करायला गेले की कोड फुगतो. त्यापेक्षा ‘शब्द’ नावाचे वेगळे शीट घ्या आणि ९९ ओळींत ९९ शब्द लिहा. मग रकमेचे पाच तुकडे करा. ‘इंट’ पूर्णांक भाग देते आणि ‘मॉड’ भागाकारातली बाकी. कोटी : रक्कम भागिले १,००,००,००० चा ‘इंट’. लाख : आधी १,००,००,००० ने ‘मॉड’, मग १,००,००० ने भागून ‘इंट’. हजार : १,००,००० चा ‘मॉड’, भागिले १,०००, त्याचा ‘इंट’. शेकडा : १,००० चा ‘मॉड’, भागिले १००, त्याचा ‘इंट’. उरलेले : १०० चा ‘मॉड’. प्रत्येक तुकड्याचा शब्द ‘इंडेक्स’ने त्या शीटवरून आणा. तुकडा शून्य असेल तर ‘इफ’ने रिकामे सोडा, नाहीतर ‘इंडेक्स’ला शून्य मिळून भलतेच काही येते. शेवटी सगळे जोडून ‘ट्रिम’ लावा म्हणजे दुहेरी मोकळ्या जागा निघतात. २,४९,८७५ चे तुकडे ०, २, ४९, ८, ७५ पडतात आणि पावतीवर येते ‘दोन लाख एकोणपन्नास हजार आठशे पंच्याहत्तर’. शेकड्याच्या शब्दानंतर मोकळी जागा न सोडता ‘शे’ जोडा. नेमके १०० असतील तर ‘एकशे’ऐवजी ‘शंभर’ हवे, तेवढी एक अट वेगळी लिहा.

रकमेतले रुपयांपुढचे पैसे वेगळे काढताना ‘इंट’ वापरू नका. संगणक दशांश द्विमान अंकांत, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये, साठवतो, त्यामुळे १५ पैशांचे कधी १४ होतात. तिथे ‘राउंड’ हवे.

इंदुरात याचा एक जास्तीचा फायदा आहे. त्याच शीटवर शेजारच्या रकान्यात हिंदी शब्द लिहिले, की एका खान्यातला आकडा १ चा २ करून तीच पावती हिंदीत निघते. ‘हजार’, ‘लाख’, ‘शे’ हे जोडशब्दही याच पद्धतीने दोन रकान्यांत ठेवा, नाहीतर ‘आठ सौ’च्या जागी ‘आठशे’ राहून जाते.

प्रश्न : नव्या संगणकावर ६४-बिट ऑफिस आले आणि हजेरीची फाइल ‘पीटीआर-सेफ’ असे काहीतरी म्हणून थांबते. ते दुरुस्त केले तर तारखेचे कॅलेंडर गायब, आणि ‘लेफ्ट’, ‘ट्रिम’ अशी साधी फंक्शनेही चालेनाशी झाली.

दोन वेगळी दुखणी आहेत. ‘डिक्लेअर’ने सुरू होणाऱ्या ओळी विंडोजला थेट हाक मारतात. ६४-बिटमध्ये ‘डिक्लेअर’ या शब्दानंतर ‘पीटीआर-सेफ’ लिहावेच लागते. पण नुसता शब्द घालून भागत नाही. त्या ओळीत खिडकीचा किंवा स्मृतीचा पत्ता ‘लाँग’मध्ये ठेवला असेल तर तिथे ‘लाँग-पीटीआर’ करा, नाहीतर एक्सेल मध्येच बंद पडते. सगळे ‘लाँग’ सरसकट बदलणेही चूक. ‘स्लीप’ला दिलेले मिलिसेकंद ‘लाँग’च राहतात.

कॅलेंडरचे ते कंट्रोल ३२-बिट आहे आणि ६४-बिट ऑफिसमध्ये चढतच नाही. साधी फंक्शने त्यामुळेच बिथरली आहेत : एक संदर्भ तुटला की व्हीबीए बाकीची नावेही शोधू शकत नाही. कोडच्या खिडकीत ‘टूल्स’, ‘रेफरन्सेस’ उघडा, ‘मिसिंग’ लिहिलेल्या ओळीची टिक काढा. तारखेसाठी खान्यालाच ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावा.

प्रश्न : संगणक फॉरमॅट केला. फाइली सगळ्या सांभाळल्या होत्या, तरी रोजचे मॅक्रो गेले.

तुम्ही सांभाळलेल्या कुठल्याच फाइलमध्ये ते नव्हते. मॅक्रो रेकॉर्ड करताना ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडले की ते ‘पर्सनल’ नावाच्या ‘एक्सएलएसबी’ फाइलमध्ये जातात. ती ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘एक्सेल’, ‘एक्सएलस्टार्ट’ अशा आत-आतल्या लपलेल्या फोल्डरात असते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेणारा दुकानदार तिथवर जात नाही. जुनी डिस्क पुसलेली नसेल तर तिथे शोधा. पुढच्या वेळेसाठी प्रत्येक मॉड्यूलवर उजवी क्लिक करून ‘एक्स्पोर्ट फाइल’ करा. ‘बास’ शेपटीची साधी मजकूर-फाइल मिळते, ती नोटपॅडमध्येही वाचता येते आणि एक्सेल नसतानाही टिकते.

प्रश्न : गणेशोत्सवाच्या वर्गणीची मॅक्रोवाली फाइल गूगल शीट्सवर टाकली, म्हणजे कार्यकर्ते मोबाइलवर भरतील. मॅक्रो चालत नाहीत.

चालणारही नाहीत. गूगल शीट्सला व्हीबीए येत नाही. तिथे ॲप्स स्क्रिप्ट आहे, ती जावास्क्रिप्ट. फाइल शीट्सच्या स्वरूपात बदलली की त्या प्रतीत व्हीबीए उरत नाही, म्हणून मूळ ‘एक्सएलएसएम’ वेगळी ठेवा. वर्गणीच्या याद्यांना बहुधा ‘सम-इफ्स’ आणि ‘फिल्टर’ पुरतात. लिब्रेऑफिसमध्ये काही प्रमाणात व्हीबीए चालते. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोड/सेव्ह’ खाली ‘व्हीबीए प्रॉपर्टीज’च्या टिका पाहा, आणि मॅक्रो सुरक्षा ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा म्हणजे विचारून चालवेल. यूजरफॉर्म असेल तर फार अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : व्हीबीए बंद होणार असे सगळे म्हणतात. २००८ सारखी कंपनी पुन्हा माघार घेईल या भरवशावर थांबावे का?

‘सगळे’ दोन नावांत गल्लत करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निरोप दिला तो व्हीबीस्क्रिप्टला, म्हणजे विंडोजमधल्या वेगळ्या स्क्रिप्ट-भाषेला. ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने जाणार आहे. एक्सेलचे व्हीबीए त्यात नाही. झळ लागेल ती ‘व्हीबीएस’ फाइल चालवणाऱ्या मॅक्रोंना. कोडमध्ये ‘व्हीबीस्क्रिप्ट’ हा शब्द शोधून पाहा. ‘रेग-एक्स्प’ वापरणाऱ्या जुन्या कोडमध्ये तो हमखास सापडतो.

खरोखर व्हीबीए नाही ते विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्ये. आलेल्या मेलची जोडपत्रे आपोआप फोल्डरात ठेवणारा मॅक्रो तिथे चालत नाही. जुने, ‘क्लासिक’ आउटलुक किमान २०२९ पर्यंत सांभाळले जाईल असे कंपनीचे म्हणणे आहे, तेव्हा घाई नाही. पण माघारीच्या भरवशावर बसणे बरे नव्हे. मॅकची माघार झाली तेव्हाही मधली पावणेतीन वर्षे ज्याची त्याने निभावली. उजव्या कोपऱ्यातले ‘न्यू आउटलुक’चे बटण चुकून चालू झाले असेल तर बंद करा, क्लासिक परत येते. मग ऑल्ट-एफ११ दाबून मॉड्यूल्स एक्स्पोर्ट करून घ्या. आउटलुकचे सगळे मॅक्रो एकाच ‘व्हीबीए-प्रोजेक्ट’ नावाच्या ‘ओटीएम’ फाइलमध्ये असतात, आणि ती ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’मधल्या आउटलुकच्या फोल्डरात. आउटलुक बंद करूनच तिची प्रत काढा.